काळतोंडेला खुर्ची मिळाली

मुलांनो, गप्प बसा. एकदाच सांगणार आहे.

एका जंगलात एक कचेरी होती. तिचं काम काय, हे विचारू नका. कचेरीतल्यांनीही कधी विचारलं नाही.

तिथे काळतोंडे नावाचा वानर कारकून होता. स्टुलावर बसून दिवसभर लिही. बारा वर्षं बसला. मग त्याची पाठ आखडली.

माणसाची पाठ आखडली तर माणूस बाम चोळतो. वानराची आखडली तर त्याला झाडावर चढता येत नाही. आणि झाडाखाली बिबट्या असतो.

बिबट्या त्याच कचेरीत होता. त्याला ठिपके म्हणत. शेजारच्याच टेबलावर बसे. कचेरीच्या वेळेत कुणी कुणाला खायचं नाही, असा नियम होता. ठिपके नियमाचा पक्का होता.

"काय काळतोंडे, पाठ कशी आहे?" तो रोज पाच वाजता विचारी.

"बरी आहे, ठिपकेसाहेब. अजून तिसऱ्या फांदीपर्यंत पोचतो."

"हयगय करू नका हो," ठिपके म्हणे. आणि तिसरी फांदी लक्षात ठेवी.

काळतोंडेने चांगल्या खुर्चीसाठी अर्ज केला. सिंहसाहेबांनी समिती नेमली. समितीत अजगर होता, कारण त्याच्याइतकी लांब पाठ कुणालाच नव्हती. हत्ती होता, कारण त्याचं वजन होतं. काळतोंडेला घेतलं नाही. ज्याचं दुखतं तो निःपक्षपाती कसा असेल?

कोल्हा खुर्च्या विकी. त्याने एक आणली. कमरेला उशी, मानेला टेकू, हातांना आधार, खाली चाकं. वरखाली करायला सात कळा.

"शेपटीला जागा कुठाय?" काळतोंडेने दारातून विचारलं.

"शेपूट कामाला घेऊन येता?" कोल्हा म्हणाला.

समिती हसली. खुर्ची मंजूर झाली.

पण नवी वस्तू आधी साहेबांकडे जाते. सिंहसाहेबांनी ती आपल्या खोलीत ठेवली. सातही कळा आपल्या मापाला लावून घेतल्या. वरचं प्लास्टिक काढलं नाही. पाठीवर टॉवेल टाकला. मग ते गुहेत झोपायला गेले, कारण ते तिथेच असत.

इकडे काळतोंडेच्या नावावर खुर्ची चढली होती. एका कारकुनाला दोन आसनं देता येत नाहीत. म्हणून स्टूल काढून घेतलं. तो उभ्याने लिहू लागला.

महिन्याभरात त्याची पाठ मोकळी झाली. दुसऱ्या महिन्यात तो शेंड्यावर जाऊन झोपू लागला.

"पाठ?" ठिपकेने विचारलं.

"ठणठणीत."

ठिपके दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांकडे गेला.

"साहेब, बारा वर्षांचा जुना कारकून उभा असतो. बघवत नाही. त्याची खुर्ची त्याला द्या."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. साहेबांनाही भरून आलं. नारळ फुटला. हार घातला गेला.

वानरीण म्हणाली, "अहो, उभ्यानेच बरं चाललंय की. नको म्हणा."

"खुर्चीला नको म्हणतात का कुठं? उद्या तुझा भाऊ विचारील, दाजी कशावर बसतात? काय सांगशील, पायांवर?"

काळतोंडे खुर्चीवर बसला. पाय जमिनीला टेकेनात. शेपटीची घडी घालून तिच्यावर बसावं लागे. कळ फिरवली असती तर साहेबांचं माप मोडलं असतं, म्हणून फिरवली नाही. प्लास्टिकवरून घसरू नये म्हणून तो अंग ताठ धरी. उठलो तर दुसरा बसेल, म्हणून पाणी प्यायलाही उठेना.

आठवड्यात शेंडा सुटला. मग तिसरी फांदी सुटली.

एके दिवशी ठिपकेने विचारलं, "आज कशी आहे पाठ?"

"आज पहिली फांदीसुद्धा जमायची नाही," काळतोंडे कण्हत म्हणाला. "पण खुर्ची झकास आहे."

"पाच वाजले," ठिपके म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. ठराव ठिपकेनेच लिहिला. तो फार सुरेख उतरला. सभा संपायच्या आत खुर्चीसाठी अकरा अर्ज आले.

तात्पर्य : चांगली खुर्ची मिळाली की पाठदुखी कायमची जाते.