पिवळ्या खांबांच्या पलीकडे

रविवारी सकाळी शालिकरामभाऊ नेहमीप्रमाणे पिवळ्या खांबापाशी येऊन थांबले. हातातल्या पिशवीत मरळ मासा अजून शेपटी हलवत होता. रस्त्यापलीकडच्या इमारतीकडे मान वर करून त्यांनी हाक मारली, "साधने! मासा घेऊन जा व!"

त्यांची मुलगी दुसऱ्या माळ्यावरून खाली आली.

खांबाच्या अलीकडे मोहटोली नगर पंचायत, पलीकडे शहर. खरं तर मोहटोलीच्या चारही बाजूंना शहरच होतं. ताटात वाटी ठेवावी तशी ती त्यात बसली होती. जुन्या जमीनदारानं मासेमार ढिवरांना तलाव दिला, तलावाभोवती त्यांची वस्ती, म्हणजे टोली, बसली, आणि पुढं वाढता वाढता शहर तिला वळसा घालून निघून गेलं. मागाहून त्याला ती गिळायची आठवण झाली. तेव्हा भाऊ अध्यक्ष होते. त्यांनी टोली गिळू तर दिली नाहीच, उलट तिचे जुने तुकडे शहरातून शोधून काढले: बसथांब्याची पट्टी, दुकानांची ओळ, देवीचं पटांगण. कोर्टात भांडून ते परत मिळवले आणि प्रत्येकाच्या कडेनं पिवळे खांब रोवले. शहरात पाय ठेवणार नाही, तिथलं पाणी पिणार नाही, अशी शपथही तेव्हाचीच.

पुढं साधनानं रस्त्यापलीकडं फ्लॅट घेतला. भाऊंनी तिला अडवलं नाही; ते आले मात्र नाहीत. तिनंही कधी बोलावलं नाही. नाही म्हणतील, याची तिला खात्री होती.

"तुह्या खिडकीतून तलाव दिसते का व?" त्या दिवशी त्यांनी विचारलं.

"दिसते."

"सगळा?"

"बराचसा."

भाऊ घुटमळले. एक हात खांबावर होता. "गॅसवर दूध हाये, बाबा," म्हणून साधना पिशवी घेऊन वर गेली.

सोमवारी सकाळी जाळं सांधता सांधता भाऊ गेले. शेवटची गाठ अर्धीच राहिली.

ब्रह्मपुरीहून रीताआत्या येईपर्यंत दुपार कलली. घाट नदीवर, शहराच्या पलीकडं, आणि दिवस मावळायच्या आत अग्नी द्यायला हवा होता. शहराची शववाहिनी हद्दीचं कारण सांगून आली नाही. मोहटोलीकडं वाहन म्हणजे कचऱ्याचा ट्रॅक्टर. साधनाचा भाऊ भूपेश तो धुऊन घेऊन आला. भाऊंचे जुने सोबती लच्छूकाका ट्रॅक्टरकडं नुसतं बघत राहिले, तेव्हा तो तसाच परत नेऊन ठेवला. शेवटी खांद्यावरूनच न्यायचं ठरलं.

मोहटोलीच्या रिवाजाप्रमाणे शिवेवर तिरडी खाली ठेवली गेली. काकांनी खांबापाशी मूठभर तांदूळ टाकले. "शालिक, शीव ओलांडून राह्यला. आता मागं पाहू नको." बायका तिथून परतल्या. साधना परतली नाही, आणि तिला कोणी टोकलं नाही.

बसथांब्यापर्यंत सगळं नीट चाललं.

"थांबा!" काका ओरडले. "कुठी चालले?"

"घाटावर, काका."

"समोर पाह्य."

समोर पिवळा खांब होता.

"ही पट्टी मोहटोलीची हाये. शिवेबाहेर काढलेला मुर्दा गावात परत न्याचा नाई. गावाले भोवते."

"केवढीशी तं हाये," भूपेश म्हणाला. "एका ढांगेत पार करतो."

"मुर्द्याले ढांग नसते, भूपेश."

"पण हा तुकडा गावात घेतला कोनं?" मागून कोणीतरी वैतागून विचारलं. उत्तर सगळ्यांच्या खांद्यावर होतं.

तिरडी वळली आणि दुकानांच्या ओळीपाशी आली. पंक्चरवाले बाबूभाई हात पुसत पुढं आले, न विचारता एका पोराला बाजूला करून त्यांनी खांदा दिला.

"तुमच्या दुकानाबाजूनं जाता येते का, बाबूभाई?"

"माही गादी मोहटोलीत, शटर शहरात. टॅक्स दोघंही मांगते. इकून गेले तं भाऊ फिरून गावात. मागच्या नालीच्या कडेनं चला."

नालीच्या कडेनं निघाले. पुढून खांदा देणारा टोलीतला पोरगा पवन घसरून गुडघाभर चिखलात गेला. तिरडी कलली, पण पडली नाही. नाली संपली तिथं देवीचं पटांगण लागलं. चार कोपऱ्यांना चार खांब, भाऊंनी दिवाळीतच रंगवलेले. पुन्हा मागं.

"जन्मभर शहरात पाय नाई ठेवला," भूपेश म्हणाला, "अन् आता बाबाचेच खांब शहरातून बाहेर निंगू देऊन नाई राह्यले."

मावळतीचं ऊन छपरांवर चढलं होतं. लच्छूकाका आता कुठल्याच खांबाकडं बघत नव्हते.

बाबूभाई हळूच म्हणाले, "एकच रस्ता उरला. साधनाबाईच्या बिल्डिंगीतून. मागचं गेट उघडलं का सीधा घाटाचा रस्ता, मंधात एकही खांब नाई."

कोणी साधनाकडं पाहिलं नाही. तीच पुढं झाली.

मागच्या गेटला कुलूप होतं. चौकीदार किल्ली आणायला पळाला. खांदे इतके भरून आले होते, की जिन्याच्या पायथ्याशी तिरडी खाली ठेवावीच लागली.

"इथी काऊन ठेवलं? इथी कोनती शीव हाये?" काका म्हणाले.

"शीव नाई काका," बाबूभाई म्हणाले, "दम हाये."

तळमजल्यावरच्या बाईनं पाण्याची कळशी आणि पेला आणला. भाऊंबरोबर शपथ घेतलेल्या लच्छूकाकांनी पेल्याकडं पाहिलं, तिरडीकडं पाहिलं, मग पायरीवर बसून ते पाणी प्याले आणि पेला पुन्हा पुढं केला.

साधना वडिलांच्या उशाशी वाकली. कपाळावर नालीचा एक शिंतोडा उडाला होता, तो तिनं पदरानं पुसला. जिन्यातून किल्ल्यांचा आवाज येऊ लागला.

"बाबा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "वर चला न. सगळा तलाव दिसते."