चारशे बारा खाने आणि एक डरकाळी

आपली सिंफनी ऐकून लोक खुर्च्यांवरून उडतील, असं जावईबापूंनी वर्षभर इतक्यांदा सांगितलं होतं, की घरातल्या खुर्च्याही सावध झाल्या होत्या. उशीएवढ्या जाडीचे सात खंड असलेली एक अद्भुत कादंबरी वाचून त्यांच्या डोक्यात ड्रॅगन शिरला होता. राजकन्या त्याला अंगाई ऐकवून झोपवते. अंगाई थांबली की तो उठतो, एकच डरकाळी फोडतो, आणि खेळ खलास.

ती डरकाळी ट्यूबाची होती. हे अवाढव्य पितळी वाद्य वाजवायचे त्यांचे सासरे, वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभ्या आयुष्यात मोजण्यात चूक नाही, ही त्यांची एकमेव पण भक्कम मिजास. त्यांच्या स्वरलिपीच्या कागदावर डरकाळीआधी तालाचे चारशे बारा रिकामे खाने होते. ते मनात मोजत गप्प बसायचं आणि मग फुंकायचं.

"बाबांना झेपेल ना?" जावईबापूंनी बायकोला हळूच विचारलं. ती त्याच वाद्यवृंदात ओबो हे सनईसारखं वाद्य वाजवायची. अंगाई तिच्याकडेच होती.

"बाबांनी तीस वर्षं दुकानदारांचे काटे पकडलेत. तुझे खाने काय चीज आहेत?"

संचालिकाबाईंनी बजावलं होतं, प्रयोग एकच. जमला तर पुढचा हंगाम, नाहीतर ड्रॅगन कायमचा घरी.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "अंगाई फार लवकर संपते रे. ड्रॅगनचं सोड, एवढ्यात आपलं मांजरही झोपणार नाही."

जावईबापूंना पटलं. अंगाई दोनदा वाजवायची ठरली, म्हणजे चाळीस खाने वाढले. संचालिकाबाईंना फोन झाला. मग दुपारभर बसून त्यांनी वादकांच्या कागदांवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. बोटं डिंकाने बरबटली, पण सगळं लिहूनच दिलंय म्हटल्यावर तोंडी कुणाला सांगायची गरज उरली नाही.

प्रयोग रंगला. अंगाई पहिल्यांदा संपली, आणि सासऱ्यांनी डरकाळी फोडली.

पहिल्या रांगेतल्या आजींच्या हातून पर्स पडली. व्हायोलिनवाल्यांचे हात जागच्या जागी थिजले. तिसऱ्या रांगेत जावईबापू खुर्चीवरून उडाले नाहीत, घसरले. वर्षाची मेहनत मातीत गेली होती.

बायकोने मात्र धीर सोडला नाही. श्वास घेऊन तिने एकटीनेच दुसरी अंगाई सुरू केली, दचकून उठलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तशी. हळूहळू बाकीचे तिला येऊन मिळाले. खऱ्या डरकाळीची जागा आली तेव्हा संचालिकाबाईंनी ट्यूबाकडे पाहिलं. सासरे वाद्य पोटाशी धरून नुसते नाही नाही म्हणून मान हलवत होते. बाईंनी सावकाश हात खाली घेतले.

कुणी खोकलंसुद्धा नाही. मग अख्खं सभागृह उभं राहिलं.

"जागा झालेल्या ड्रॅगनला पुन्हा झोपवलंत," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "तो परत उठतोय की काय म्हणून जीव मुठीत धरला होता मी. पुढच्या हंगामात घेतेच आहे. मलाही न कळवता आयत्या वेळी हे सुचलं कसं?"

"सुचतं कधीकधी," जावईबापू म्हणाले.

रंगमंचामागे सासरे ट्यूबाच्या पेटीवर बसले होते. "माफ करा जावईबापू. तीनदा पडताळूनही चुकलो. वय झालं. उद्यापासून वाजवणं बंद."

त्यांची समजूत काढायला म्हणून जावईबापूंनी त्यांचा कागद उचलला, आणि उलटसुलट करून पाहिला. कागद जुना तसाच होता, दुरुस्तीची चिठ्ठीच नव्हती. दुपारी त्यांनीच तो बाजूला ठेवला होता. ट्यूबा तर गप्प बसणार, रिकाम्या जागेत काय दुरुस्त करायचं?

"बाबा, तुम्ही बरोबर होतात," ते कसंबसं म्हणाले. "चिठ्ठी लावायची मीच विसरलो. तुम्ही बरोबर मोजलंत आणि हिने सावरून घेतलं, म्हणून माझी सिंफनी सिंफनी झाली. तुमचे उपकार कसे फेडू?" आणि डिंकाच्या हाताने त्यांनी सासऱ्यांचा हात घट्ट धरला.

सासऱ्यांनी हात सोडवून घेतला, चष्मा लावला आणि बोट ठेवून सगळे खाने पुन्हा मोजले. चारशे बारा. मग कोट नीट करून ते दाराकडे निघाले. बाहेर लोक जावईबापूंच्या सहीसाठी थांबले होते.

"नमस्कार," सासरे त्यांना म्हणाले. "मोजणी बरोबर होती. विसरले ते जावईबापू."

जावईबापूंनी मागे उभं राहून मुकाट्याने मान डोलावली.

सिंफनीच्या नव्या प्रतीत डरकाळी कायमची पहिल्या अंगाईनंतरच आहे. तिच्यानंतर ट्यूबाला शेवटपर्यंत काहीही वाजवायचं नाही. चाळीस खाने रिकामे. सासरे तेही मोजतात.