चौसाळ्याचे स्नेह-विलीनीकरण

ज्या घरात माणसं वाढतात त्या घराला धंदा वाढवावाच लागतो, हे अर्थशास्त्राचं मूळ तत्त्व पुस्तकात नसलं तरी बीड जिल्ह्यात सर्वमान्य आहे. आप्पारावांचा 'टोकियो-बालाघाट भोजन समूह' याच तत्त्वावर उभा आहे.

आप्पाराव पाणलोटाच्या अभ्यासदौऱ्यावर आठवडाभर जपानला गेले होते. तिथं त्यांनी घरून नेलेला चिवडा खाल्ला आणि परत येताच जिल्ह्यातलं पहिलं जपानी हॉटेल काढलं. (पाणलोटाचा अहवाल यथावकाश येईल.) सुशी नावाच्या भाताच्या वळकटीला लागणारं समुद्री शेवाळ काही बीडच्या बाजारात मिळेना, म्हणून ती अळूच्या पानात गुंडाळण्यात आली. लोक तिला अळूवडी समजून खातात; त्याला समूह काय करणार?

कारभार घरातच राहावा याची पुरेपूर काळजी घेतलेली आहे. संचालक मंडळावर थोरला मुलगा अमरसिंह, सून सत्यशीला, दोन पुतणे, एक मेहुणा आणि कायद्याला मान देऊन एक स्वतंत्र संचालक आहेत. (हे आप्पारावांचे साडू. ते वेगळ्या घरात राहतात.) धाकट्या पुतण्यानं आता पुन्हा बारावीला बसायचं नाही असं ठरलं, तेव्हा सिरसाळ्याची शाखा निघाली. मेहुण्याला तिकीट मिळालं नाही, तेव्हा युसूफ वडगावची. गिऱ्हाईक वाढलं म्हणून शाखा काढल्याची नोंद अद्याप आढळलेली नाही.

आता नवं हॉटेल बांधायचं म्हणजे वेळ जातो, आणि त्यात गिऱ्हाईक यायचं म्हणजे आयुष्य जातं. म्हणून समूह चालतं हॉटेलच घेतो. 'घेतो' हा शब्द मात्र तिथं कुणाला आवडत नाही. त्याला स्नेह-विलीनीकरण म्हणतात. पद्धत अगदी सुटसुटीत आहे. आधी चौकात मालकाच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो, मग मालकाचा सत्कार होतो, आणि मग हॉटेलाला रंग लागतो. मालकाला विचारायचं, अशी पायरी यात नाही. विचारलं की माणूस उत्तर देतो, आणि मग उगाच मनं दुखावतात.

तर आप्पारावांच्या पुतणीचं, वैष्णवीचं लग्न ठरलं आणि घरात एक जावई वाढला. दुसऱ्याच दिवशी चौसाळ्याच्या फाट्यावर फ्लेक्स झळकला: 'टोकियो-बालाघाट परिवारात सामील झाल्याबद्दल मकसूदभाईंचं हार्दिक अभिनंदन!'

मकसूद तेव्हा आपल्या पत्र्याच्या हॉटेलात खिचडीला फोडणी देत होता. सकाळची खिचडी, खिमा आणि बायकोच्या, सलिमाच्या, हातचा चिंच-तिळाचा खट्टा, एवढ्या भांडवलावर त्यानं उमर काढली होती. ट्रकवाले बीड सोडून चौसाळ्यापर्यंत पोट उपाशी ठेवून येत. हातातला झारा तसाच धरून तो फ्लेक्स बघायला गेला. फोटो ईदच्या शुभेच्छांतला होता. चांगला आला होता, हे त्यालाही कबूल करावं लागलं.

घरी सलिमा कंबर कसूनच उभी होती. "अजी, हॉटेल दिलं का तुमी?"

"न्हाई बा."

"मग लोकं कावून मुबारकबाद द्यायलेत मला?"

"आता एवढा मोठा फ्लेक्स लावलाय त्यांनी. न्हाई म्हनलं तर वाईट वाटंल त्यान्ला."

"आन मला?" सलिमा म्हणाली, आणि तिनं तोंड फिरवलं. मकसूदनं हातातला झारा खाली ठेवला. तो तडक अमरसिंहाकडं गेला.

"दादा, मी हॉटेल दिलेलंच न्हाई की."

"तेच तर!" अमरसिंहानं त्याला मिठीच मारली. "लई मोठं मन हाय तुमचं, मकसूदभाई! काय बोलायचं ते सत्काराला बोला. माईक तुमाला देऊ की आमी."

म्हणजे बोलायची संधी दिली नाही, असं म्हणायला कुणाला जागा नाही.

सत्कार हॉटेलासमोरच झाला. मंडप समूहाचा, जेवण मकसूदचं. (घरच्या माणसाकडं पाहुणचाराचा मान असतो.) प्रास्ताविक झालं, मनोगतं झाली, जपानच्या शिस्तीवर साडू बोलले, तोवर ऊन डोक्यावर आलं. मग माईक मकसूदच्या हातात आला. रात्रभर घोकलेलं वाक्य त्यानं एका दमात म्हणून टाकलं.

"हे हॉटेल मी कुनालाच दिलेलं न्हाई. देनार बी न्हाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

बिचारा गोंधळला. तेच त्यानं जोरात सांगितलं. आणखी टाळ्या आल्या, मागून एक शिट्टीही आली. मग त्यानं डोळे पुसत हात जोडले. "आवो, ऐका की! माझी बायकापोरं जगत्यात याच्यावर. पाया पडतो तुमच्या!" सगळा मंडप उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. एकटी सलिमा तेवढी हात पदरात घट्ट गुंडाळून बसून होती. आप्पारावांनी डोळे टिपले, मकसूदच्या खांद्यावर शाल टाकली आणि हातात नारळ दिला. दुसऱ्या दिवशी बातमी आली: 'सत्कारमूर्तींना अश्रू अनावर'.

आज चौसाळ्याची शाखा जोरात चालते. जावई गल्ल्यावर बसतात. मकसूद 'आजीव मार्गदर्शक' आहे. दाराशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला तो कमरेत वाकून नमस्कार करतो. खट्ट्याला आता जपानी थाटात 'मिसो' म्हणतात आणि तो कुणीतरी दुसरंच करतं. सलिमा घरी घरापुरता करते, पण मकसूदच्या घशाखाली तो उतरत नाही.

एवढ्या भरल्या मंडपात त्याचं म्हणणं एकालाही ऐकू गेलं नाही, हे कसं? समूहानं याचीही रीतसर चौकशी केली आहे. माईक उत्तम होता. कर्णे चारही कोपऱ्यांना होते. ऐकू सगळ्यांना गेलं होतं, अगदी तिसऱ्या रांगेत बसलेल्या तुम्हालासुद्धा. पण एव्हाना पातेल्यांवरची झाकणं निघाली होती, वास सुटला होता, आणि टाळ्या वाजवल्याशिवाय भाषण आटपत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं.