साळवे काकांचा कोबोल

साळवे काका बोलताना वाक्याच्या शेवटी 'टिंब' म्हणतात. "बसा, टिंब." "चहा ठेवलाय, टिंब." कोबोल नावाच्या जुन्या संगणकभाषेत वाक्य संपलं की टिंब द्यावं लागतं, एक जरी विसरलं तरी प्रोग्रॅम भलतीकडे जातो. साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात काकांच्या उमेदीची वर्षं ही टिंबं देण्यात गेली. निवृत्त होऊन ते कोल्हारहून शहरात, सावेडीतल्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा ही सवयही सामानाबरोबर आली. बायको आधीच गेलेली, मुलगी सासरी. जुना झाला म्हणून कारखान्याने काढून टाकलेला कॉम्प्युटर तेवढा त्यांनी विकत घेऊन सोबत आणला.

आम्हा कामगार कार्यकर्त्यांचं एक मासिक पत्रक आहे. नागापूरच्या कारखान्यांत कंत्राटी कामगारांना कसं पिळतात ते आम्ही त्यात स्पष्ट छापतो. ज्याला झोंबेल त्याने वाचू नये. पत्रक जिल्हाभर टपालाने जातं आणि वाचकांचे पत्ते काकांच्या कोबोलमध्ये. महिन्यातून एकदा त्यांच्या घरी जमायचं, प्रिंटरमधून करकरत निघणारे पत्ते कापायचे, खळ लावून चिकटवायचे.

आणि हा प्रोग्रॅम मध्येच थांबायचा. थोडे पत्ते छापायचा की गप्प. पुन्हा थोडे, पुन्हा गप्प.

"काका, ह्याच्यापरीस माझी सायकल पळती," लेथवर काम करणारा आमचा शिंदे म्हणायचा.

"तो विचार करतोय, टिंब."

पत्त्यांत विचार करण्यासारखं काय असतं, हे मी अनेकदा तोंडावर विचारलं. काका ऐकून न ऐकल्यासारखं करत कांदेपोहे आणायचे. मग शिंदेच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी. मग माझं आणि आईचं भांडण मिटलं का, ही चौकशी. तिकडे कामगार रस्त्यावर आणि इकडे आम्ही पोहे खातोय, याचा मला मनस्वी संताप यायचा.

त्यात तो कॉम्प्युटर तापून बंद पडायला लागला. एका वर्कशॉपने कामावरून काढलेल्या लोकांची सुनावणी जवळ आली होती. त्याआधी अंक गावोगाव पोचला नाही, तर त्यांच्या बाजूने उभं राहायला कोण येणार होतं? वर्गणी काढून आम्ही नवा कॉम्प्युटर घेतला. पत्ते केबलने त्यावर आले, पण कोबोल काही चालेना. कॉम्प्युटर क्लासवाला हसला. म्हणाला, "मॅडम, कोबोलला आता हार घाला. फॉक्सप्रोत नवीन लिहून देतो."

काकांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "परक्याचा हात नको. मी सांगतो, तू लिही, टिंब."

फॉक्सप्रो मी त्याच क्लासात शिकले होते. काका जुन्या प्रोग्रॅमचा छापील कागद पुढ्यात घेऊन एकेका ओळीचा अर्थ सांगत आणि मी तो नव्या भाषेत उतरवत असे. सगळं सुरळीत चाललं होतं. एका ठिकाणी मात्र त्यांनी बोट उचलून पुढच्या ओळीवर ठेवलं.

"ही राहिली," मी म्हटलं.

"ती नको."

"का? काय करते ती?"

"काही करत नाही. एकपासून मोठ्या आकड्यापर्यंत नुसती मोजत बसते. तेवढा वेळ छपाई थांबते."

"म्हणजे तो विचार वगैरे काही करत नव्हता?"

काकांनी कागदाची दुमडलेली कड बोटाने सरळ केली. "पहिल्या महिन्यात पत्ते झरझर निघाले होते. तुम्ही आलात, चिकटवलंत आणि चहा उकळायच्या आत गेलात."

टिंब म्हणायचं राहून गेलं. मी पुढची ओळ टाईप करायला घेतली.

अंक सुनावणीच्या आधी पोचला आणि माणसंही आली. त्या अंकाचे पत्ते चिकटवायला आम्ही काकांकडेच बसलो होतो, तेव्हाची गोष्ट. नवा कॉम्प्युटर थोडे पत्ते छापून गप्प झाला. काकांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"आयला, नवा हाय तरी थांबतोय?" शिंदे म्हणाला.

"विचार करतोय तो," मी म्हटलं.

मशीन फार वेगवान होतं. मोजायचा आकडा मला बराच वाढवावा लागला होता.

काका पोहे भिजवायला आत गेले.