रूपरावांची मिशी

माणूस हा दोन मनांचा प्राणी असून ती दोन्ही मनं एकाच शर्टात सुखानं नांदतात. पिपरी मेघेतल्या एका लेआउटनं, म्हणजे वसाहतीनं, याची नुकतीच जाहीर चाचणी घेतली.

पानटपरीवर रूपराव म्हणाले, "आपण कशालेच मानत नाई."

शेजारी बबनरावांनी सुपारी गालात सरकवली. "उद्या अमावस्या हाये, रूपभाऊ. मोडावर लिंबू पडनच. त्यावरून गाडी नेऊन दाखव."

"नाई नेली तं मिशी काढतो! भर चौकात!"

टपरीवरच्या दोघा-तिघांनी कानाला हात लावले. बाप जिवंत असताना मिशी काढायची नसते, आणि रूपरावांचे वडील मधुकरराव तर ठणठणीत होते. रूपरावांच्याही पोटात गोळा आला. पण मानत नसल्यामुळे त्यांनी तो अपचनात जमा धरला.

सकाळी वळणावर कुंकू लावलेलं उताऱ्याचं लिंबू हजर, अख्खा लेआउटही हजर. (जमलेल्यांपैकी शंभर टक्के लोक असलं काही मानत नव्हते. त्यातले शंभर टक्के वळसा घालून आले होते.) रूपरावांनी स्कूटर सरळ आणली. लिंबू हातभर उरलं आणि हँडल आपोआप वळलं.

"टायर नवीन हाये ना राजेहो!" ते म्हणाले. खुलासा फेटाळण्यात आला.

प्रकरण मधुकररावांकडे गेलं. "काढून टाक," म्हातारा म्हणाला. "मी कवा मानलं असलं काही? फक्त मले आधी सावंगीच्या दवाखान्यात नेजो."

"काऊन बाबा? काही होऊन राह्यलं का?"

"काही नाई. तुयी मिशी निघेपर्यंत तिथं पडून राहतो. डॉक्टर जवळ असलेला बरा."

त्याप्रमाणे कार्यवाही झाली. बाबांच्या छातीला वायरी लागल्यावर रूपरावांच्या बायकोचा, मीराबाईंचा, फोन आला: "ठोके बराबर हायेत. उरका." चौकात खुर्ची मांडलेली. न्हाव्यानं वस्तरा उचलला तसे जिंकलेले बबनरावच घामाघूम झाले. "राहू दे रूपभाऊ, मीच हरलो म्हण!"

"जबान म्हंजे जबान."

अर्धी मिशी काढून न्हावी थांबला. फोन लावला, ठोके विचारले, मग उरलेली काढली. रस्त्यानं जाणाऱ्या एका गृहस्थानं रूपरावांचा ओठ पाहून चपला काढल्या, हात जोडले. तिकडे मधुकररावांनी दवाखान्यात दुसऱ्यांदा पोहे मागवले.

अशी ही अडाणी माणसं. सुज्ञ वाचकाची गोष्ट वेगळी. तरी हे वाचताना ज्यांना वडिलांना फोन करावासा वाटला असेल, त्यांनी तो जरूर करावा. (मानत नसाल, तर 'सहजच केला' असं म्हणावं.)