व्याह्यांच्या टेबलाची परीक्षा

भूगर्भ खात्यातून निवृत्त झालेल्या भालचंद्ररावांनी गाडीतच छातीठोकपणे जाहीर केलं, "आज दगडांविषयी अवाक्षर काढणार नाही."

"शपथ?" वासंतीबाईंना नवरा पुरता ठाऊक होता. मागच्या स्थळाकडे भालचंद्ररावांनी मुलाच्या आजोबांच्या अंगठीतला पुष्कराज हा साधा क्वार्ट्झ असल्याचं पटवून दिलं होतं. ते लग्न तिथंच मोडलं. या वेळी तर चिन्मय हा त्यांच्या मुलीनं, उत्तरानं, स्वतः पसंत केलेला!

"बिल्कुल शपथ."

गाझियाबादच्या त्या फ्लॅटमध्ये चिन्मयच्या आईनं, हेमलताबाईंनी, पोहे दिले, लिंबाच्या फोडीसकट. वडील अंबादासराव खुशीत म्हणाले, "आत्ताच ग्रॅनाइट बसवून घेतला. आता जन्मभर बघायला नको."

भालचंद्ररावांनी समोरचं पांढरंशुभ्र टेबल न्याहाळलं. ग्रॅनाइटमध्ये असतो तसा ना फेल्डस्पारचा दाणा, ना अभ्रकाची चमक. हा तर संगमरवर! बिचाऱ्यांना दुकानदारानं टोपी घातली होती.

शपथ न बोलण्याची होती. तपासायला कोणी मनाई केली नव्हती. संगमरवर म्हणजे कॅल्साइट, आणि कॅल्साइटचं आंबटाशी हाडवैर. सगळे गप्पांत असताना त्यांनी फोड हळूच टेबलावर पिळली. बारीक बुडबुडे आले. भालचंद्रराव धन्य झाले. मग रस पुसला, तर खाली रुपयाएवढा निस्तेज डाग.

पण हार मानतील ते भालचंद्रराव कसले? हात धुवायच्या निमित्तानं त्यांनी रुमालावर टूथपेस्ट आणली आणि टेबलाशी वाकून निर्धारानं घासली. रुपयाची पुरी झाली. शेवटी त्यांनी पोह्यांची प्लेट डागावर ठेवली आणि गच्च धरली.

"प्लेट द्या ना," हेमलताबाई म्हणाल्या.

"नको, अजून खातोय."

प्लेट रिकामी होती. हेमलताबाईंनी ती भरली. संपली, पुन्हा भरली. पोट तट्ट फुगलं, पण प्लेट हलली नाही.

"अच्छा, मग पक्कं समजायचं ना?" म्हणत अंबादासरावांनी व्याह्यांना मिठीसाठी खेचून उठवलं. प्लेट सरकली. डाग सगळ्यांनी पाहिला.

"तुम्हाला फसवलंय हो," भालचंद्रराव कळवळून म्हणाले. "हा ग्रॅनाइट नाहीच."

"ग्रॅनाइट किचनच्या ओट्याला बसवलाय," अंबादासरावांचा आवाज उतरला. "हे टेबल माझ्या आईचं. संगमरवरीच आहे. विचारायचं होतं ना."

"विचारायचीच बंदी होती."

वासंतीबाई पंख्याकडे बघू लागल्या. उत्तराचे डोळे भरून आले. हेमलताबाईंनी डागावरून बोट फिरवलं. मग त्यांनी उत्तराच्या हातावर पेढा ठेवला.

"मुलगी आमचीच," त्या भालचंद्ररावांना म्हणाल्या. "तुम्हीही येत चला. फक्त तुमच्या पोह्यांवर लिंबू मी आतूनच पिळून आणीन."