कानात सांगायचं पुस्तक

उकंडकाका आपल्या पुस्तकाची जाहिरात लोकांच्या कानात करायचे.

हे मी अलंकारिक बोलत नाही. घाटंजीच्या बाजारात कोणी मिरच्या निवडत बसलेला असे. काका त्याच्या अगदी जवळ जात, तोंडाला तळहाताचा आडोसा करत आणि कानाशी ओठ नेऊन म्हणत, "पुस्तक लिवलं हाये. बत्तीस पानाचं. कोणाले सांगू नका." मग दोन पावलं मागे सरून, पुढचं तुमचं तुम्ही पाहा, अशा चेहऱ्यानं उभे राहत.

याच माणसानं तीस वर्षं कोतवालकी केली होती. आसपासच्या चार गावांची दौंडी तेच देत. कोणाचा बैल हरवला, कोणाच्या वावराचा लिलाव आहे, देवी टोचायला कुठं जमायचं, सगळं डफडं वाजवत तेच ओरडत. त्यांचा आवाज चावडीपासून निघाला की नाल्यापलीकडच्या वावरात निंदणाऱ्या बाया मान वर करत. नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी कोतवालकी सोडली, डफडं चुलीत घातलं. तेव्हापासून मोठ्यानं बोलणंही सोडलं. बैलाला थांब म्हणायचं तरी हळूच म्हणत. बैल थांबत नसे.

प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकून त्यांनी हे पुस्तक लिहिलं. नाव 'राहून गेलेल्या दौंड्या'. गावाला जे ओरडून सांगायला हवं होतं, पण सांगण्याचा हुकूम कधी सुटला नाही, ते त्यात होतं. विहीर कोणी खणली आणि पाणी कोणाला मिळालं नाही. मालगुजाराच्या कडब्याच्या गंजीला आग खरी कशी लागली. सडकेच्या कामावर कोणत्या बाया उन्हानं पडल्या, त्यांची नावं. यवतमाळच्या छापखान्यात बसून त्याची मुद्रितं मी तपासली. तपासता तपासता माझे कान तापले.

मी त्यांच्याच वस्तीतला, तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि पत्रकांवर वाढलो होतो. वडील सभेहून पत्रकं आणत. पुढची बाजू मी वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवी, मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवी. छापलेला शब्द दडवणं मला गुन्ह्यासारखं वाटे. त्यात काकांच्या घराचं छप्पर गळकं होतं आणि तीनशे प्रती घरात होत्या. पावसाळ्याच्या आत पुस्तकं लोकांच्या हाती गेली नाहीत, तर त्यांचा लगदा होणार होता.

"काका, आपण चोरी केली काय?" मी विचारी.

"नाई बा."

"मंग कानात कायले सांगता?"

"दुरून सांगणं सोडलं मी."

एवढंच उत्तर. मी ते त्यांच्या व्रताच्या खाती टाकलं. डफडं जाळणाऱ्या माणसाचं व्रत मी समजू शकत होतो, पण ते पुस्तकाच्या मुळावर आलं होतं.

त्यांच्या पद्धतीला फळ येत नव्हतं असं नाही. "कोणाले सांगू नका" म्हटलेली गोष्ट तासाभरात बाजारभर होई. आत काही भानगड आहे असं समजून मालगुजाराच्या दिवाणजीनं चार प्रती नेल्या. मालकाचं नाव दोन ठिकाणी सापडलं, तसा परत आला आणि दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नयेत म्हणून आणखी आठ घेऊन गेला. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तोच. कांदे विकणाऱ्या सखूबाईच्या कानाशी काका वाकले, तेव्हा ती दचकून ओरडली, "दुरून बोल ना बुढ्या! दाढी टोचते तुही."

"काय म्हणते वं तो?" शेजारणीनं विचारलं.

"पुस्तक लिवलं म्हणते."

"बस? मले वाटलं, पाट लावतं काय म्हणून विचारून राह्यला."

मी माझ्या मार्गानं गेलो. चार भिंतींवर चुन्यात नीळ कालवून पुस्तकाचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी काका ओलं पोतं घेऊन भिंती पुसताना दिसले. "भिंती बोंबलून राह्यल्या होत्या ना बाप्पू, माह्या नावानं." सायकलला पाटी बांधली, तर त्यांनी पाटीचं तोंड चाकाकडे फिरवलं. एका कापडवाल्यानं सुचवलं, "उकंडराव, एकदा डफडं घ्या हाती. पुस्तकाची दौंडी द्या, त्यातच माझ्या दुकानाचंही सांगा." काकांनी त्याला हात जोडले आणि त्याचं दुकान असलेल्या ओळीनं जाणं बंद केलं.

मृग तोंडावर आला, तेव्हा मी शेवटचा उपाय केला. लग्नात भोंगा लावणाऱ्या एका माणसाला गाठलं. बाजाराच्या दिवशी निंबावर भोंगा चढवला, खाली माईक, शेजारी पुस्तकांचा गठ्ठा. काकांना काही न सांगता तिथं नेलं. शंभरेक माणसं जमली. जुन्या कोतवालाचा आवाज पुन्हा ऐकायला मिळणार, हीच मोठी गंमत होती. काका माईकपुढं उभे राहिले. ओठ हलले. भोंग्यातून नुसता श्वास आला.

"अबे, कोतवालाचं डफडं फाटलं!" कोणीतरी ओरडलं.

मी त्यांना बाजूला सोडलेल्या छोट्या बैलगाडीच्या, रेंगीच्या, आड नेलं. रागानंच बोललो. "काका, लाज ओरडण्यात नव्हती. दुसऱ्याच्या हुकमानं ओरडण्यात होती. आज शब्द तुमचा आहे."

"लाज नाई रे," ते म्हणाले. "पारबता होती माही. सात वर्साची. त्या साली पटकी आलती. तहसीलदाराचा हुकूम, चारी गावात दौंडी द्या, पाणी उकळून प्या. तिले रातीपासून जुलाब. पण हुकूम होता, निघालो. दौंडी देत घरामागून गेलो. तिनं आवाज ऐकला, मायले म्हणे, बाबा आला, दार उघड. मायनं दार उघडलं. मी पुढं निघून गेलतो. नाल्यापलीकडून दौंडी देली, तेही तिले ऐकू गेली. पुन्हा म्हणे, बाबा आला. दिवसभर तिची माय दार उघडत होती."

ते गठ्ठ्याच्या सुतळीशी चाळा करत राहिले.

"मी सांजेले आलो, तवर ती गेलती. मंगही मी तेरा-चौदा वर्सं दौंडी देली, पोटासाठी. आता कोणाचा हुकूम नाई. आता जवळ जाता येते, तं जवळ जाऊन सांगतो."

माझ्याजवळची सगळी वाक्यं सभेत बोलायची होती.

"बोलते का नाही कोणी?" भोंगेवाला खेकसला. "बॅटरी उतरून राह्यली इथं!"

मी निंबावर चढलो, दोरी सोडली आणि भोंगा खाली उतरवला. लोक मला शिव्या देत पांगले. काकांनी गठ्ठा सोडला. अर्धी पुस्तकं मी मागून घेतली, आणि बाजाराच्या दोन टोकांना आम्ही दोघं लागलो.

पहिलाच माणूस भेटला तो पारवा गावाकडचा गाडीवान. बैलांना कडबा टाकत होता. मी सवयीनं सहा हातांवर थांबलो आणि घसा साफ केला. त्यानं वर पाहिलं.

मग मी जवळ गेलो.